गुडघ्यातून उचल

मला स्टेजवर ऐनवेळी काहीच सुचत नाही,
म्हणून दिव्याचं बटण माझ्याकडे.
संहिता नसलेल्या नाटकाला पडदा नसतो,
मी बटण दाबलं की प्रवेश संपला.
मग मेलेले उठतात, म्हैस पुन्हा कृतिका भोईर होते,
पाणी पिते, विचारते,
एवढ्यात का बंद केलंस गं?

कोपरखैरण्यात, कॉलेजच्या जिन्याखाली,
मोडक्या बाकांच्या मधल्या जागेत आमचा सराव.
शिबिराला ठाण्याहून एक दादा आले होते,
दोन दिवस, जेवण आमच्याकडून.
म्हणाले, 'नाही' हा शब्द चपलांसोबत बाहेर काढा.
समोरचा म्हणाला तू म्हैस, तर तू म्हैस.
शिंगं किती, ते तू सांगायचं.
त्या रात्री आई म्हणाली, भांडी घास.
मी म्हणाले, हो, आणि…
आणि पुढे काही सुचेना. घासली.

स्पर्धा वाशीत, फेब्रुवारीत.
सात मिनिटं. पुढे दर अर्ध्या मिनिटाला दोन गुण वजा.
आमच्या आधीच्या संघाने चंद्रावर लग्न लावलं,
भटजी तरंगत होते, अक्षता खाली पडेनात,
लोक खुर्च्यांवरून घसरत होते.

मग आम्ही. फरहान मुकादम पुढे आला,
मायबाप, एक जागा सांगा, कुठलीही.
स्मशान! विमान! मागून कुणीतरी, नेहमीचं, संडास!
आणि चौथ्या रांगेतून, हजेरी द्यावी तसा आवाज:
"कांदा-बटाटा मार्केट. पहाटे चार."

प्रज्योत धनावडेचा चेहरा मला वरून दिसला.
तीन वर्षांत त्याने एवढंच सांगितलेलं,
बाबा वाशीला असतात, मार्केटच्या बाजूला.
आम्ही समजलो, ऑफिस.

'नाही' तर चपलांपाशी राहिलेलं.
तो कमरेत वाकला, नसलेली गोणी उचलली,
झोकांड्या खात दोन पावलं गेला.
लोक हसले. होतंच तसं.
फरहान व्यापारी झाला, कृतिका तराजू.

"पाठीतून नाही," चौथी रांग म्हणाली.
"गुडघ्यातून उचल. पन्नास किलो आहे ती."

प्रज्योतने गोणी खाली ठेवली,
इतकी नीट, की मला धूळ उडालेली दिसली.
"मग या ना," तो म्हणाला. "दाखवा."
माझं बोट बटणावर.

ते आले. इस्त्रीचा शर्ट, बाह्या दुमडत.
चपला पायरीखाली काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं.
उजव्या मुठीत नसलेला हुक,
तो गोणीच्या कानात अडकवला,
बसले, आणि उठले तेव्हा
पाठीवर कांदे होते.
"फळी हलते," म्हणाले. फरहानने फळी धरली.
एक. मग प्रज्योतची एक. मग त्यांची.
बाप पुढे, मुलगा मागे,
आणि वळताना एकमेकांना वाट देत होते
जसं घरात कधी जमत नसेल.

मग ते फरहानसमोर थांबले, हात पुढे केला.
"वाराई?"
फरहानने खिसे चाचपले, हवेतल्या नोटा मोजून दिल्या.
त्यांनी पुन्हा मोजल्या. एक परत केली.
"ही फाटकी आहे."

छत खाली यायचं बाकी होतं. शिट्ट्या, टाळ्या.
इथेच. इथेच बंद करायचं असतं, मला कळतं तेवढं.
घड्याळ समोर: सात वीस.
पण प्रज्योत अजून फळीच्या मध्यावर होता,
गोणीसकट.
अशात अंधार कसा करायचा?

नऊ मिनिटं पाच सेकंद. आठ गुण वजा. चौथा नंबर.
परीक्षकांच्या कागदावर: वेळेचं भान नाही.
कृतिका तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाहेर फरहान म्हणाला, काका, पुढच्या वेळी पण या,
संघातच या.
त्यांनी आधी चपला शोधल्या, घातल्या.
मग म्हणाले, "नाही रे.
चारला गाडी लागते."