शुक्रवारची हाडं

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेआठला,
ओडेसा आत्या मला हलवून उठवायची :
चल, बादली घे.
टोलिडोत नदीवरचा वारा तेव्हा
बंद खिडकीतूनही आत यायचा
आणि आमच्या इमारतीची लिफ्ट
माझ्या जन्माआधीपासून दुरुस्त होत होती.

दार वाजवून आत्या एकच वाक्य बोलायची,
"हाडं टाकणार असाल तर मला द्या."
आवाजात लाज नाही, आर्जव नाही.
भाडं वसूल करायला आल्यासारखी
उंबऱ्यात उभी.

पहिला मजला, मिसेस टाकाच.
पाप्रिकाने लालसर झालेला सांगाडा,
इतका स्वच्छ की कुत्र्यानेही मान फिरवावी.
आठ मुलं होती त्यांना.
दुसऱ्यावर फाखुरींच्या टर्कीला दालचिनीचा वास,
बरगड्यांच्या फटींत भाताची शितं.
तिसऱ्यावर ड्वेन आणि त्याची नवी बायको :
बाहेरून कोळसा, आतून गुलाबी,
आणि पोटात काळीज-पेट्याची कागदी पिशवी
तशीच, न उघडलेली.
"पहिलं वर्ष," आत्या जिन्यात म्हणाली
आणि कठड्याला धरून हसली.

चौथ्या मजल्यावर मिस्टर स्टॅम्पर.
त्यांनी ट्रे दोन्ही हातांनी आणला.
बारा पौंडांचा अख्खा पक्षी,
छातीवरून फक्त एक काप काढलेला.
मागे टेबलावर सहा ताटल्या, पाच कोऱ्या.
"ही हाडं नाहीत," मी बोलून गेलो.
आत्याने माझ्या पायावर पाय दिला.
"होतील," ते म्हणाले.
"तुम्ही खाल्लंत की होतील."

आत्याने ट्रे घेतला नाही.
कोट काढला, त्यांच्याच खुंटीला अडकवला
आणि मला म्हणाली, खालून कुकर घेऊन ये.

चार मजले. तो कुकर म्हणजे लोखंडाचं वासरू.
मी पोचलो तेव्हा दोघं समोरासमोर बसून
मांस सोडवत होते, बोटं तुपकट,
आणि ते पाच नावं सांगत होते,
कोण कुठे असतो, कोणाची गाडी कुठे बंद पडली.
आत्या मध्येच म्हणायची, खा.
ते खात होते.

मग सगळ्यांची हाडं एकत्र, कडाकडा मोडून.
कांदा सालासकट, रंगासाठी.
गाजराची बुडखी, सेलरीची पानं, चार मिरी,
चमचाभर व्हिनेगर, हाडांना बोलतं करायला.
पाणी दोन तृतीयांश. त्याहून थेंब जास्त नाही.
हा शिट्ट्या मारणारा कुकर नव्हता,
ह्याचं वजन झाकणावर डुलायचं,
ठुकठुक, ठुकठुक,
मावशीबाईंच्या टाचेसारखं.

मिस्टर स्टॅम्पर दाराशी जाऊन उभे राहिले.
चाळीस वर्षं काचेच्या भट्टीसमोर काढलेला माणूस
विचारत होता, "फुटणार नाही ना?"

तासाने गॅस बंद.
मी वजन उचलायला गेलो, हातावर चापट.
"वाफ आपली आपण जिरते.
घाई केलीस तर रस गढूळ होतो."
आम्ही थांबलो. थांबताना कुणी काही बोललं नाही,
फक्त भांड्यात आतल्या आत
काहीतरी खाली बसत गेलं.

शनिवारी प्रत्येक दाराशी एक बरणी.
थंडीने आतला रस घट्ट झालेला,
टिचकी मारली की थरथरायचा.
त्यात पाप्रिका होती, दालचिनी होती,
आणि थोडा करपटपणा, ड्वेनचा.
त्याने सूप केलं आणि विचारलं,
ही चव कुठली?

आत्याचा कुकर आता माझ्याकडे आहे.
झाकणाचं रबर तीनदा बदललं.

पण सांगायचं होतं ते पुढच्या वर्षाचं.
चौथ्या मजल्याचं दार आधीच उघडं होतं.
मिस्टर स्टॅम्परनी फक्त एक तंगडी आणली होती म्हणे,
दुकानातून, भाजलेली.
बादलीत त्यांनी एकच हाड टाकलं.
आत्याने ते उचललं,
बाजारात कणीस बघावं तसं
उलटसुलट करून पाहिलं,
आणि म्हणाली,
हं. हे हाड.