एकाच सीटचं विमान

कुटुंब-दिन. मोठ्यांना बारा डॉलर, पोरांना फुकट,
कॉकपिटमध्ये बसायचे दोन वेगळे.
ते छपराच्या पत्र्यांसाठी. दक्षिणेचा वारा
इकडे साउथलंडात पत्रे ठेवत नाही.
माझ्या छातीवर बिल्ला: लॉयल, स्वयंसेवक.
एका हातात शिडी, दुसऱ्यात वाळूचं घड्याळ,
बायकोचं, अंडी उकडायचं.
प्रत्येकी दोन मिनिटं. वाळू संपली की खाली.

पलीकडे ट्रामभोवती सॉसेजचा धूर,
कुणाचा तरी नातू
अग्निशमन बंबाची घंटा सोडायला तयार नाही.

आणि इथे हे. पिवळं, जाडं,
नाक वर करून बसलेलं.
रांगेतली पोरं आधी विचारतात, बंदूक कुठाय?
नाही. हे युद्धावर गेलं नाही.
हे कुठेच गेलं नाही.
टनभर खत पोटात घेऊन डोंगरावरच्या गवतावर सोडायचं,
वर, पलीकडची घळ, रिकामं, खाली,
पुन्हा माझ्या लोडरखाली.
दर पाच मिनिटांनी. दिवसाला ऐंशी खेपा,
घाण्याला जुंपल्यासारख्या.
हिशेब मांडला तर पृथ्वीला कितीक प्रदक्षिणा,
आणि पाहिलं काय?
दोन दऱ्या, तीन कुंपणं, एक घर.

आनाहेरा, वय सात, पुढचे दोन दात गायब, म्हणते,
"म्हणजे हे कधी हरवलंच नसेल."
नाही गं. एकदाही नाही.

तिच्या मागे रांगेत नायरी.
ब्याऐंशी वर्षांची, मुठीत दोन डॉलरचं नाणं.
दर वर्षी येते, स्कोन आणते,
चहाच्या टेबलाशी विमानाकडे पाठ करून बसते.
आज रांगेत.
"चौदा वर्षं ह्याची भुकटी शर्टांतून धुतली मी.
एकदा बसू तर दे."
एकाच सीटचं विमान.
डूगल नेणार कुणाला, आणि कुठे?

शिडीला सहा पायऱ्या. तिसरीवर थांबली.
मी कोपराला धरलं, तिने झटकलं.
बसली. पर्स मांडीवर.
वाळू सुटली.

तिने काचेतून पाहिलं. मग मान ताणून.
मग डावीकडे झुकून, पर्स घट्ट धरून.
"लॉयल, इथून तर काहीच दिसत नाही. नुसतं नाक."
जमिनीवर असंच, मी म्हणालो. हवेत नाक खाली येतं.
"एवढं खाली? आमच्या दोरीएवढं?"

दोरी.
जेवण तयार झालं की ती वाळवणाच्या दोरीवर
लाल टेबलक्लॉथ टाकायची,
आणि वर पंख हलायचे, एकदा डावा, एकदा उजवा.
दरीभर कळायचं, डूगल जेवायला निघाला.
मुलीच्या लग्नात हा किस्सा सांगून झाला,
त्याला पुरलं त्या दिवशी पुन्हा.
काय नजर माणसाची! घारीची!

डूगल उतरताना फक्त पट्टी बघायचा.
बघावीच लागायची, हातभर चुकलं की घळ.
लाल मला दिसायचं.
लोडरच्या टपावर उभा राहून
मी टोपी काढून डोक्यावर गरगर फिरवायचो,
आणि तो पंख हलवायचा.
मला.

वाळू संपली. मागे रुआरी पाय आपटतोय,
त्याची आई माझ्याकडे बघतेय.
मी घड्याळ उलटं केलं.
"दिसायचं," मी म्हणालो. "वरून सगळं दिसायचं."

ती काही बोलली नाही.
बराच वेळ त्या पिवळ्या नाकाकडे बघत राहिली,
जणू ते बाजूला सरकेल.
मग, "हा दांडा कशाचा?"
आणि मी नको म्हणायच्या आत ओढला.

पोटाखालचं झाकण कुरकुरलं.
कुठल्या खेपेचं कोण जाणे, मूठभर पांढरं
सिमेंटवर पडलं,
थोडं आनाहेराच्या बुटांवर.
"अजून आहे ह्याच्यात!" ती ओरडली,
आणि सगळी रांग मोडून पोरं पोटाखाली.

वरून नायरी, वाकून,
एका हाताने चष्मा सावरत:
"झालं. आता हे धुणार कोण?"