कोपऱ्यातलं प्रमाण

सावद्याच्या रायपनिंग चेंबरबाहेर चव्वेचाळीस अंश,
आत अठरा,
आणि मधल्या काचेच्या खोलीत मी आलेख काढत होते.
उभ्या अक्षावर केळीचा रंग, एक ते सात.
एक म्हणजे पोपटाचा पंख,
सहा म्हणजे हळद,
सात म्हणजे हळदीवर सांडलेले चार तीळ.

आडव्या अक्षाला मात्र दोन मापं लागली.
खाली चेंबरचे दिवस, गॅस सोडल्यापासून चार.
वर वखारीचे, धुरी दिल्यापासून नऊ.
दोन्ही मी कागदाच्या रुंदीत बसवले
आणि गंमत बघा, रेघा एकमेकींवर अशा निजल्या
की पेन्सिल कुठली, निळी शाई कुठली
चष्मा पुसूनही कळेना.
"झकास," नेहते साहेब म्हणाले, "हेच छापू.
जुनं तेच नवं, फक्त लवकर."

सुपडू तात्या फिरके दारात उभे होते,
कानाला उपरणं बांधून.
चाळीस वर्षं वखार राखलेला माणूस,
आता क्रेट मोजतो.
वाकले. रेघेवरून बोट नेलं,
घडावरून न्यावं तसं, फणी न दुखवता.
"माहे नऊ दिवस," म्हणाले,
"तुह्या चारात मावले कसे?"

मी सांगितलं, माप वेगळं आहे, तात्या.
गॅसचा दिवस साडेचार सेंटिमीटर,
तुमचा दोन.
"म्हंजे माहा दिवस बारका."
रागानं नाही. काट्यावरचं वजन वाचावं तसं.

मग पाचव्या रात्रीवर नखानं खूण केली.
तिथं रेघ सपाट आहे,
दोन ठिपके तर मी घेतलेच नव्हते.
"इथी झोपाचं नसते."
धूर जास्त झाला की साल काळी,
कमी पडला की गाभा दगड.
पाचटाखाली हात घालून ऊब बघायची,
तापल्या पोराचं पोट बघतात तशी.
रंग हलत नाही.
तीन. तीन. परत तीन.
अशाच एका पाचव्या रात्री कौतिका झाली.
निरोप घेऊन आलेल्या पोराला
तात्या आधी म्हणाले होते,
दार लोट, ऊब जाते.

सगळे गेल्यावर मी दुसरा कागद घेतला.
दोघांना एकच माप. साडेचार सेंटिमीटरचा दिवस.
गॅसची रेघ कागदात संपली,
तात्यांची कडेशी येऊन थांबेना.
चिकटपट्टीनं एक कागद जोडला, मग अजून एक,
फोन सरकवला, आवक रजिस्टर सरकवलं,
शेवटचं टोक तात्यांनीच धरलं
आणि बराच वेळ सोडलं नाही.

पोस्टरवर अर्थात पहिलाच आलेख गेला.
उजव्या कोपऱ्यात मी दोन्ही प्रमाणं लिहिली होती,
बेंडाळे बाई त्याचा एक गुण कापायच्या म्हणून.
भुसावळच्या छापखान्यानं
कडा छाटताना कोपराच छाटला,
वरचा अक्षही.
आता भिंतीवर एकच रेघ आहे
आणि तिच्या तळाशी चार दिवस.

तीन कागदांची गुंडाळी तात्यांनी नेली,
नातीच्या वह्यांना कव्हर घालतो म्हणाले.
परवा कौतिका डबा द्यायला आली होती.
म्हणाली, बाबांनी देवघराशेजारी
लांबच्या लांब काहीतरी डकवलंय,
त्यात मधेच, सपाट जागेवर,
स्वतःच्या हातानं एक ठिपका काढलाय.
कसला म्हणून विचारलं
तर म्हणतात, रंग तीन.