उत्तर सरकते

पहिलं भोक चुकलं.
दीडशे मीटर खाली गेलो आम्ही गेट्सहेडच्या पोटात
पोकळी लागेल म्हणून,
आणि लागला कोळसा. घट्ट, काळा, सलग.
छत पेलायला कुणीतरी मुद्दाम न तोडलेला खांब.
ड्रिलवाला क्रेग म्हणाला, "मॅडम, नकाशानं फसवलं,"
आणि थर्मासमधला उरला चहा मातीत ओतला,
एवढ्या पैशांवर पाणी सोडावं तसा.

नकाशा अठराशे एकोणनव्वदचा, तागाच्या कापडावर,
कडेला मोजणीदाराच्या अंगठ्याचा शाईतला ठसा.
रात्री तो पुन्हा शहरावर अंथरला.
सुपरमार्केटखाली गल्ली, शाळेखाली उतार,
बस डेपोच्या बरोबर खाली
घोड्यांचा तबेला, बारा दावणींचा.
चुंबकाच्या दिशेची दुरुस्ती मी केली होती,
एकोणनव्वद सालची.
पहाटे कोपऱ्यात बारीक अक्षर दिसलं:
हा बोगदा मोजला एकसष्टात.

अठ्ठावीस वर्षांत होकायंत्राची सुई
तीन अंश सरकली होती.
शाफ्टपासून चारशे मीटरवर तीन अंश
म्हणजे एकवीस मीटर.
त्या बिचाऱ्याचं उत्तर बरोबर होतं,
माझी उत्तर सरकलेली.

दुसरं भोक कचऱ्याच्या डब्यांमागे.
एकशे अठ्ठेचाळीसवर दांडा अचानक हलका झाला,
दोन मीटर नुसताच पडला.
क्रेगनं मशीन थांबवलं, कुणी काही बोललं नाही.
मग तळातून पाणी आलं,
साडेपंधरा अंशांचं.

दोनशे वर्षं या गावानं ह्याच पाण्याशी दावा मांडला.
वाफेचे पंप, मग विजेचे, रात्रंदिवस उपसा.
खाणी मिटल्या, पंप गप्प झाले,
तसं ते परत चढलं
गल्लीमागून गल्ली, कुलूप न लावलेल्या घरात शिरावं तसं.
आता आम्ही त्याच्या दारात भांडं घेऊन उभे.

लोखंडानं तांबूस झालेलं ते पाणी.
हवा लागली की गंजाचा चिखल,
म्हणून त्याला उजेड दाखवायचा नाही.
वर आणायचं, पातळ पोलादी पत्र्याला टेकवायचं,
पत्र्यापलीकडून शहराचं स्वच्छ पाणी वाहणार,
आणि दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही.
इतकं कडक सोवळं मी कुठल्या स्वयंपाकघरात पाहिलं नाही.
आणि तरी ऊब पलीकडे जाते.
उतरलेलं पाणी, चार अंश गार होऊन,
दुसऱ्या भोकानं पुन्हा खाली, अंधाराच्या हवाली.

सभेत पहिला प्रश्न हिल्डा रटरचा,
नववा मजला, वय एक्याऐंशी:
"वास येणार का त्याचा?"
नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही.
"बाबांच्या अंगाला यायचा.
गुडघाभर पाण्यात आडवं पडून कोळसा काढायचे.
मोजे कधी पुरते वाळलेच नाहीत आमच्या घरात.
आई एक जोड चुलीसमोर टांगायची, तोवर दुसरी ओली."

फेब्रुवारीत मीटर बघायला गेले.
खिडकीबाहेर टाइन शिशासारखी.
रेडिएटरवर हात ठेवला.
भाजत नाही, पण हात काढावासाही वाटत नाही.
त्यावर दोन जांभळे मोजे, लोकरीचे, एकाच्या टाचेला ठिगळ.
"हे त्यांचंच पाणी ना?"
"तेच," म्हटलं. "म्हणजे, त्याच्या शेजारचं."
तिनं मान हलवली,
माझं दुसरं वाक्य तिच्या कामाचं नव्हतं.

मग फ्रिजवरून बिल काढून आणलं.
फारसं उतरलेलं नाही.
मी सांगू लागले, पंपाला वीज लागते,
एक युनिट घातलं की साडेतीन युनिटांची ऊब मिळते,
पण विजेचा भाव आमच्या हातात नाही,
आणि अजून दोन इमारती जोडल्या की
ती ऐकत होती, म्हणजे मधेमधे "हं" म्हणत होती,
आणि मोजे उलटे करत होती,
आतली बाजू वाळायला.