खांड

बांधाला खांड पडते ती लाटेनं नाही,
खेकड्याच्या बिळानं.
बाबा सांगायचे. मी सात वर्षांचा,
शिरवण्याच्या खारीत गुडघाभर चिखलात उभा.

डॉक्टर मेननबाईंनी विचारलं,
गेल्या वर्षात एखादी दाढ दुखली होती का?
मी नाही म्हणालो.
सुगंधा म्हणाली, दुखली होती.
गाल पपईएवढा झाला होता,
लवंग धरून महिना काढला ह्यांनी.
बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.
म्हणजे दाढेतून, रक्तातून,
दोन वर्षं निमूट चाललेल्या
माझ्या धातूच्या खुब्यापर्यंत.
एवढंसं बीळ.

मला वाटलं होतं, धुऊन पुन्हा तोच बसवतील,
नळाच्या वॉशरसारखा.
"नाही काका, शेवाळ धरावं तसे जंतू बसलेत त्याच्यावर.
तो काढायचाच. आणि नवा
लगेच नाही."

आता तिथे सिमेंटचा गोळा आहे,
आत औषध कालवलेलं.
सिमेंट!
जमिनीच्या बदल्यात सिडकोत नोकरी लागली माझी.
ज्या खारीत बाबांनी राता भात लावला
तिथेच मी गोण्या मोजल्या,
पाणी मारा रे स्लॅबवर, म्हणून
अठ्ठावीस वर्षं ओरडलो.
ह्यात प्रमाण काय घातलंत, विचारलं मी बाईंना.
त्या हसल्या.
म्हणाल्या, हे टिकायला बनवलेलंच नाही.
मला एक-दोन बिल्डिंगी आठवल्या.
बोललो नाही.

पाय दीड इंच आखूड.
दंडात नळी, तिच्यातून सकाळ-संध्याकाळ औषध.
वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत अकरा पावलं,
त्यातलं एकही पूर्ण टेकायचं नाही.
बाकी वेळ छताकडे बघत पडायचं.
ओल आली आहे कोपऱ्यात.
ह्या खोलीच्या बरोबर खाली आमचं शेत होतं
असं मी धरून चालतो.
सातबाऱ्यावर आता ते कुठे सापडणार?

त्या वर्षी खांड पडली तेव्हा
बाबांनी बांध आठ दिवसांत बुजवला.
शेत मात्र तसंच ठेवलं.
एक पावसाळा. मग दुसरा.
गोडं पाणी साठू द्यायचं, मुरू द्यायचं,
ओहोटीला उघाडी उघडून
सोडून द्यायचं.
काका भांडायला आले, पेर म्हणाले, पोरं काय खातील?
बाबांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली,
थुंकले.
"नाय. अजून हाय."

दोन वर्षं भात नव्हता.
नेवट्या होत्या, मुबलक.
आईनं त्यांचं काय काय केलं
ते आठवलं की अजून पोट भरतं.

दर सोमवारी लॅबचा मुलगा रक्त नेतो,
संध्याकाळी आकडा मोबाइलवर.
अठ्ठ्याण्णव. त्रेपन्न. एकवीस.
ह्या सोमवारी सत्तावीस.
मुलगा पुण्याहून फोनवर,
दुसरीकडे दाखवू पप्पा, काही ठिकाणी एकदमच करतात,
किती दिवस असे लोंबकळत राहणार?
मी म्हटलं, बघू.
त्याला मातीची चव कशी सांगणार फोनवर.
बाईंनी अजून तीन आठवडे सांगितलेत,
आणि त्यानंतर औषध बंद करून
नुसतं थांबायचं.
हे थांबणं मला सगळ्यात कठीण वाटतं.
औषध चालू असताना
निदान कुणीतरी काम करतंय असं तरी वाटतं.

दुपारी सुगंधानं करावे गावातून नेवट्या आणल्या.
कालवण केलं, ताट पलंगावर दिलं.
मीठ बरोबर आहे का, म्हणाली.
मला कळेना.
औषधानं जीभ लोखंडाची झाली आहे,
कशालाच कसली चव नाही.
तिनं माझ्याच ताटात बोट बुडवलं,
जिभेला लावलं,
क्षणभर थांबली,
आणि काही न बोलता
वाटीभर पाणी आणायला आत गेली.