खालची ऊब

जांबोटीत डिसेंबर
फळ्यांच्या फटींतून वर येतो.
पहाटे पाय टेकवला
की थेट गुडघ्यापर्यंत.

गोठ्यावरची ही आमची माडी.
दोन्ही म्हशी मार्चमध्ये विकल्या,
तेव्हा चाऱ्याचा हिशेब केला, दुधाचा केला,
तक्तपोशीचा नाही.

इराप्पा सुतार गोठ्यात स्टुलावर चढून
तुळयांमधलं अंतर मोजतो.
आकडे कन्नडात, शिव्या मराठीत.
"थंडी खालनंच येऊलीय, बाई.
पण सगळंच बुजवू नका,
लाकडाला वारं लागतंय, नाहीतर कुजतंय."

थर्माकोल बेळगावहून आणणार होतो.
उंदीर त्याचं पीठ करतात, म्हणाला.
मग गिरणीतून भाताचं तूस, सात पोती,
त्यात चुना, वाळवीसाठी कडुनिंबाचा पाला.
खालून बांबूच्या तट्ट्या ठोकल्या,
वरच्या फळ्या एकेक उचकटून
तुळयांच्या मधे तूस दाबत गेलो.
केसांत तूस, कानांत तूस,
चहावर तरंगणारं तूस.
धाकलू दोन दिवस शिंकत होता.

मधल्या खांबावर एक जागा आहे
काळी, आरशासारखी.
मोरी तिथं मान घासायची, बारा वर्षं.
तट्टीचा टेकू नेमका तिथंच येत होता.
इराप्पानं तो वीतभर सरकवला.
मी काही बोलले नव्हते.

आज फळी कोमट नव्हती,
पण चावलीही नाही.
जरा वेळ उभी राहिले अनवाणी,
खाली साखळी वाजते का ऐकत.

अर्धं पोतं तूस उरलंय.
ठेवायला जागेची अडचण नाही.
गोठा आहेच.