आपण

तांबट आळीत, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत
दर शनिवारी रात्री आम्ही चौघं एक जग मांडतो.
खाली दिवसभर ठोकलेले हंडे तोवर गप्प झालेले असतात.
दुकान मैथिलीच्या मामाचं. जग माझं.

गेल्या वर्षीपर्यंत माझ्या जगात सात जमाती होत्या
आणि सातही सिडकोतल्याच.
वनचर म्हणजे टोकदार कानांचा शार्दूल,
खाणकरी म्हणजे दाढी लावलेला शार्दूल,
ताकद अधिक दोन, चपळाई उणे एक,
बाकी तोच, मिसळीवर जादा रस्सा मागणारा,
बिल आलं की फोन घेऊन जिन्यात जाणारा.

मी वही फाडली नाही, मागच्या बाजूनं उघडली.
आकडे नकोत, म्हटलं.
हे लोक खोटं कसं बोलतात?
मेलेल्याचं नाव पुन्हा कुणाला देतात?

मैथिलीच्या ताम्रजनांना चेहरे ओळखू येत नाहीत.
ते माणूस वाजवून घेतात.
आता ती कुणाशीही बोलण्याआधी नखानं टेबलावर टक् करते
आणि कान देते.
दोन महिने झाले, माझ्या एकाही व्यापाऱ्याला
तिला फसवता आलेलं नाही.

इम्तियाजच्या काठकरांना वर्षं मोजता येत नाहीत.
त्यांचं सगळं पाण्यावर.
"माझा जन्म दुतोंड्याच्या गुडघ्याचा,
बहिणीचा कमरेचा,
अब्बा गेले तेव्हा मारुती दिसतच नव्हता."
सातपूरला डाय बनवणारा, मायक्रॉनमध्ये भांडणारा हा माणूस.
आम्ही फासे मुठीत धरून बसलो.

उरला शार्दूल.
त्याचा मी एक शब्द फक्त काढून घेतला.
तुझ्या जमातीत 'आम्ही' नाही. 'आपण' आहे.
समोरच्याला वगळून बोलायची सोयच नाही तुमच्यात.
"शत्रूशीपण?"
शत्रूशीपण.
"बदल्यात काय? अधिक दोन?"
काही नाही.

मग तो पूल आला. पलीकडे मशाली,
अलीकडे आमचे तिघे आणि एक लंगडं खेचर.
शार्दूल उभा राहिला.
"आम्—"
थांबला. पाणी प्यायला.
"आपण हा पूल तोडायला आलोय," तो सरदाराला म्हणाला,
म्हणजे मला, माझ्याकडे बघत,
"आपण तीन दिवस उपाशी आहोत.
आपली मुलं त्या काठावर झोपलीत."

सरदाराचं उत्तर माझ्या वहीत तयार होतं. एकच शब्द होता.
पुठ्ठ्याआड मी फासा टाकला.
सतरा पडले.
कुणाला दाखवले नाहीत.
"मशाली खाली येतायत," मी म्हणालो.

साडेबाराला चहावाल्याचा पोरगा पैसे मागायला वर आला
आणि शार्दूल फोन घेऊन जिन्यात गेलाच.
अंधारातून ऐकू येत होतं,
"नाही रे, आम्ही निघतोय... आपण... अरे, थांब जरा."
मैथिलीनं कठड्यावर नखानं टक् केलं,
मान तिरकी करून ऐकलं.
"बद्द," ती म्हणाली.
"पण चीर नाही."